ब्रेक दाबला की रेस नाचते, ॲक्सिलेटर दिला की गाडी गचके खाते: पार्ट बदलायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात कोरेगावकडचे एक सर पेट्रोल गाडी घेऊन माझ्याकडं आले. सात वर्षांची गाडी, सांभाळलेली, सीटवर एक डाग नाही. तक्रार अशी की साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर ब्रेक धरून उभं राहिलं की आरपीएमचा काटा ८०० वरून १४०० ला उडतो, मग ५०० ला येतो, गाडी थरथरते, परत उडतो, आणि निघताना एक जोरात गचका. त्याआधी त्यांनी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. प्लग नवे, प्लगला करंट देणाऱ्या कॉइल नव्या, पेट्रोल पंप नवा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ. साडेअठरा हजार गेलेले. सगळी बिलं फाइलला लावून आणली होती, आणि ती फाइल माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं.

मी बोनेट उघडलंच नाही. आत बसलो, इंजिन चालू केलं, काचा वर, एसीचा पंखा बंद, रेडिओ बंद, आणि ब्रेक दाबून नुसता ऐकत बसलो. पायापाशी सूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, सायकलच्या ट्यूबला बारीक भोक पडल्यावर येतो तसा. पेडल सोडलं की आवाज बंद आणि काटा पण ८०० वर शांत. परत दाबलं, परत सूंऽऽ. सरांना म्हटलं, तुम्ही बसा आणि दाबून बघा. त्यांनी तीनदा दाबलं आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिले. ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या, आतला रबरी पडदा फाटला होता. त्या साडेअठरा हजारांतला एकही पार्ट मुळात खराब नव्हता.

मी स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) आणि वायरिंगचं काम करतो, सतरा वर्षं झाली. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं, गाडी आली की "काय बदलायचं" हा प्रश्न आधी येतो आणि "हे नेमकं कधी होतं" हा कुणी विचारतच नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. यातलं निम्म्याहून जास्त तुम्ही स्वतः घरच्या दारात करू शकता.

आधी जिवाचं

रेस आपोआप वाढते अशी गाडी असेल तर हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चालत्या गाडीत रेस वाढली आणि उतरत नाही असं झालं तर गाडी न्यूट्रल करायची, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा आणि कडेला थांबल्यावर इंजिन बंद करायचं. ब्रेक पंप करायचा नाही, म्हणजे दाब-सोड दाब-सोड नको, कारण थ्रॉटल पूर्ण उघडा असताना पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम (हवेची ओढ) बनत नाही, बूस्टरमध्ये जेवढा शिल्लक असतो तेवढाच, तो दोन-तीन दाबांत संपतो आणि मग ब्रेक दगडासारखा लागतो. आणि चालत्या गाडीत चावी फिरवून बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

सगळ्यात पहिलं खाली वाकून पायाखालचं मॅट बघा. एकावर एक दोन मॅट टाकलेली असतात, वरचं सरकून पेडलच्या वर किंवा खाली अडकतं. हे मी स्वतः कितीतरी गाड्यांत काढलंय.

वही घ्या, दोन दिवस द्या

गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. गाडी थांबवल्यावर लिहायचं, चालवताना नाही. गचका बसला तेव्हा इंजिन थंड होतं का गरम, गिअर कुठला, आरपीएम किती, एसी चालू होता का, पाय कशावर होता, चढ होता का उतार, टाकीत किती पेट्रोल होतं, आदल्या रात्री पाऊस झाला होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का. एवढं सगळं कशाला असं वाटेल, पण यातली एकेक गोष्ट एकेका जागेकडं बोट दाखवते.

म्हणजे कसं, यवतेश्वर घाट चढताना तिसऱ्या गिअरला १५०० ते २००० आरपीएमवर ॲक्सिलेटर दाबला की तट-तट-तट असे झटके, पण सपाटीला गाडी मऊ, तर ते लोडवरचं मिसिंग आहे, म्हणजे जोर लावल्यावर एखादा सिलिंडर मध्येच पेटत नाही, प्लग-कॉइलकडं जा. घाटात सुरुवातीला बरी चालते आणि वर जाता जाता दम तोडते, तर पेट्रोल कमी पडतंय. सकाळी थंड गाडीत रेस वरखाली आणि दहा मिनिटांत सगळं नीट, तर हवा चोरून शिरतेय किंवा थ्रॉटल घाण आहे. टाकी फुल केल्यावर लगेच स्टार्टिंगला त्रास आणि रेस नाचते, तर कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप. पावसानंतर किंवा इंजिन प्रेशरनं धुतल्यावर सुरू झालं, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी. टाकी रिझर्व्हला असताना जोरात ब्रेक मारला किंवा वळणावर टाकला की गचका, तर पेट्रोल पुढं सरकतं आणि पंपाला हवा लागते, त्याला फक्त पेट्रोल भरा.

गचका इंजिनाचा आहे का बाकीचा

हे आधी वेगळं करायला लागतं, नाहीतर सगळं पुढचं चुकतं. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन गरम. हळूहळू रेस ३००० पर्यंत न्या आणि सोडा. उभ्या गाडीतच अडखळत असेल तर इंजिनाचं. उभ्या गाडीत एकदम मऊ आणि चालताना गचके, तर दोन शक्यता राहतात, एक तर लोड आल्यावर होणारं मिसिंग, नाहीतर क्लच, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर), ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद नेणारा दांडा) यातलं काहीतरी.

काट्याकडं बघा. गचक्यासोबत आरपीएमचा काटा पण हलत असेल तर इंजिनाकडं संशय जास्त. काटा वर पळतो पण गाडी पळत नाही, हे लोक रेस वाढते म्हणून सांगतात, ती क्लच प्लेट स्लिप होतेय. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ५० च्या स्पीडला ॲक्सिलेटर पूर्ण दाबा, काटा एकदम वर उडाला आणि स्पीड मागं राहिला तर क्लच संपला. उलट फक्त पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला निघताना गाडी हादरते आणि क्लच पूर्ण सोडला की शांत, ते क्लचचं जडर, प्लेटवर ऑइल आलेलं असतं किंवा प्रेशर प्लेट, फ्लायव्हील खराब.

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंटिंग. बोनेट उघडं ठेवा, हँडब्रेक ओढा, गाडीत जाणत्या माणसाला बसवा, त्यानं ब्रेक दाबून पहिल्या गिअरला क्लच अगदी थोडा सोडायचा, मग रिव्हर्सला तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढं अजिबात उभं राहायचं नाही. इंजिन थोडं झुकणारच, पण उचलून आपटल्यासारखं झालं, धप आवाज आला, तर फाउंडेशनचं रबर गेलंय. आतला ड्राइव्ह शाफ्ट जॉइंट झिजला तर जोर लावल्यावर गाडी आडवी थरथरते, आणि बाहेरचा गेला तर फुल वळणावर कट-कट-कट येतं.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हातात थरथरतं आणि पेडल पायाला ढकलतं पण आरपीएम ठीक, ती ब्रेक डिस्क वाकडी झाली. घाट उतरताना सारखा ब्रेक धरून डिस्क तापवली आणि लगेच पाण्यातून गाडी घातली की असं होऊ शकतं. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पेडल टकटक करतं ते एबीएस, ते नॉर्मल.

अजून एक नॉर्मल गोष्ट लोक बिघाड समजतात. गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो आणि आरपीएम साधारण १२०० ते १५०० च्या आसपास उतरल्यावर परत चालू करतो. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला सरकत असताना हा चालू-बंदचा हलका धक्का जाणवतो, नवीन गाडीत पण. पण पूर्वी जाणवत नव्हता आणि आता पोटात पाणी हलण्याइतका जाणवतो असं असेल तर बहुतेक फाउंडेशन ढिलं झालंय, इंजेक्टर काढायची घाई करू नका.

फक्त ब्रेक दाबल्यावरच रेस हलते

बूस्टर कसा चालतो ते समजलं की सरांची गाडी कळेल. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या भागातून) एक जाड होज पाइप बूस्टरला जातो, त्यातल्या व्हॅक्यूमच्या जोरावर आपला ब्रेक हलका लागतो. पडदा फाटला की पेडल दाबल्यावर केबिनमधली हवा बूस्टरमधून थेट इंजिनात जाते. ज्या गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे तिथं ती जादा हवा सेन्सरला कळते, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते, मग फार चढली म्हणून तो पेट्रोल तोडतो आणि काटा कोसळतो, हाच तो नाच. ज्या गाडीत हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे तिथं ही हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं आणि गाडी बंद पडायला बघते.

तपासणी तीन, फुकट. पहिली, इंजिन बंद करून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल, तसंच दाबून धरा आणि स्टार्ट करा, पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. दुसरी, इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि मग ब्रेक दाबा, पहिला दाब खोल आणि पुढचे कडक होत जायला हवेत, पहिलाच कडक असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही, होजमधला वन-वे व्हॉल्व्ह किंवा पडदा. तिसरी, चालू इंजिनात ब्रेक दाबून धरूनच इंजिन बंद करा, तीस सेकंद पेडल जागेवर राहिलं पाहिजे.

खात्रीसाठी अजून एक करतो. गाडी उभी, चाकांना दगड लावलेले, बूस्टरचा होज कापड लावलेल्या चिमट्यानं दाबून बंद करतो आणि मग ब्रेक दाबतो. रेस शांत झाली की विषय संपला. पण चिमटा काढल्याशिवाय गाडी एक इंच हलवायची नाही, ब्रेक नसल्यासारखंच असतं ते. आणि बूस्टर गेला हे कळल्यावर "चालतंय की अजून" असं म्हणून ती गाडी घाटात नेऊ नका, हात जोडून सांगतो.

दुसरी जागा ब्रेक स्विच, पेडलच्या वर असतो, किमतीला किरकोळ. इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलेटरच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलेटर एकदम दाबलेत असं ईसीयूला वाटलं की तो इंजिनाची ताकद कमी करतो. स्विच खराब झाला की पाय ब्रेकवर नसताना पण त्याला ब्रेक दिसतो आणि गाडी पळता पळता एकदम दम सोडते, परत धरते. संध्याकाळी भिंतीला पाठ करून गाडी लावा, मागची लाइट पेडलबरोबर लगेच लागते-विझते का बघा. लाइट बरोबर असली तरी सुटका नाही, कारण या स्विचमध्ये बऱ्याचदा दोन कॉन्टॅक्ट असतात, एक लाइटचा आणि एक ईसीयूचा, दुसरा फक्त स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दिसतो. असाच एक डिझेलवाला गडी आला होता, पंप आणि इंजेक्टर खोलायचं एस्टिमेट हातात घेऊन, आणि निघाला तो स्विच.

तिसरी जागा वायरिंग. ब्रेक मारल्यावर इंजिन पुढं झुकतं, ॲक्सिलेटर दिल्यावर मागं, तेवढ्यात एखादा ढिला कपलर (वायरींचा जोड), सैल बॅटरी टर्मिनल किंवा बॉडीच्या अर्थिंगच्या वायरीचा संपर्क तुटतो आणि जुळतो. इंजिन चालू ठेवून हाताला लागेल तशी एकेक वायर, एकेक कपलर हळूच हलवा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब, आणि कॉइल-प्लगच्या वायरी यातून वगळा. हलवल्यावर रेस अडखळली तर तीच जागा. आमच्याकडं ऊसतोड झाली की आणि पावसात उंदीर बोनेटमध्ये येतात, वायरी कुरतडलेल्या मी महिन्याला एक-दोन तरी जोडतो. आणि सांगलीकडची जुनी गाडी घेतली असेल तर कपलर उघडून आत हिरवट बुरशीसारखं काही आहे का नक्की बघा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्यात गेलेल्या गाड्या पुसून-पॉलिश करून विकल्या गेल्या, आणि तांब्याच्या पिनांवरचा हिरवा गंज वर्षानुवर्षं त्रास देत राहतो.

ॲटोमॅटिक गाडी ब्रेक मारून थांबताना शेवटच्या क्षणी गचका देऊन बंद पडायला आली, जसं क्लच न दाबता थांबल्यावर होतं तसं, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप सुटत नाही. एएमटीत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर मशीन चालवतं अशा गाडीत, अशी तक्रार असेल तर क्लचची झीज आणि ॲक्च्युएटर. हे दोन्ही त्याच गाडीचं काम करणाऱ्याकडं न्या, दारात करायचं काम नाही.

ॲक्सिलेटर दिला की गचके

पेट्रोल गाडीत पहिला मान प्लगचा. साधे प्लग गाडीप्रमाणं साधारण ४०,००० किलोमीटरच्या आसपास बदलायचे असतात, इरिडियम त्याच्या दुप्पट किंवा जास्त चालतात, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. थंड इंजिनातच खोला. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन बरं जळतंय. काळं आणि कोरडं म्हणजे पेट्रोल जास्त, काळं आणि ओलं चिकट म्हणजे ऑइल, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा गरम जास्त. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळते आणि लोडवरचं मिसिंग तेच. बसवताना आधी हातानं आटे धरून मग पाना लावा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर प्लगपेक्षा शंभरपट महाग पडतं.

कॉइल बदलायच्या आधी कॉइलची अदलाबदल करा. स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस करतोय. इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा आणि त्याच चढावर परत न्या. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर प्लग असाच बदलून बघा, तरी तिथंच असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एवढ्या साध्या कामासाठी चार कॉइलचा सेट विकत घेतलेली माणसं येतात तेव्हा फार वाईट वाटतं. चालू इंजिनात कॉइलची वायर काढून बघायची जुनी सवय मात्र सोडा, शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल जाऊन सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

मग पेट्रोल. बऱ्याच साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत प्रेशर ३ ते ४ बारच्या आसपास असतं, गेज लावून उभ्या गाडीत नाही तर चढावर, लोडवर बघायला लागतं, कारण म्हातारा पंप उभ्या गाडीत प्रेशर दाखवतो आणि मागणी वाढली की बसतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते इथेनॉल आपल्याच उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत पण बनतं, त्याच्याशी भांडण नाही, पण इथेनॉल पाणी ओढतं हे लक्षात ठेवायचं. टाकी अर्धवट ठेवून महिना-दोन महिने उभी केलेली गाडी, फाटलेल्या रबराचं टाकीचं झाकण, आणि वरून आपला पाऊस. संशय असेल तर मेस्त्रीकडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर बसला तर टाकी साफ करायला लागेल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांत रबरी पाइप आणि सील पण एकदा नजरेखालून घाला.

इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलेटरच्या गाडीत पेडलमध्येच सेन्सर असतो, त्यात दोन ट्रॅक असतात. इंजिन बंद, इग्निशन ऑन, स्कॅनरवर पेडलचा ग्राफ लावून दहा सेकंदांत अगदी हळू पूर्ण दाबा आणि तसंच सोडा. रेघ सरळ चढली-उतरली पाहिजे. मध्येच खड्डा पडला आणि तुमचा गचका पण पेडलच्या त्याच जागेवर होत असेल तर सापडलं.

उभ्या गाडीत रेस वरखाली

थ्रॉटल बॉडीत काजळी बसते, आतला हवा अडवणारा पत्र्याचा पडदा नीट मिटत नाही, ईसीयू सारखा सावरायला बघतो. साफ करताना थ्रॉटल क्लीनरच वापरा आणि फडक्यावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक पडदा बोटानं जोरात ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांना आयडल, म्हणजे पाय न लावता उभ्या गाडीची रेस, परत शिकवायला लागतो. तो न करता गाडी दिली की रेस उलट वाढलेली असते आणि लोक म्हणतात साफ करूनच बिघडली.

हवा कुठून चोरून शिरते ते शोधायला मी आधी कान वापरतो, बागेचा मीटरभर पाइप घ्या, एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक होजच्या जोडावर फिरवा. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढणारा) होज, मॅनिफोल्डचं गॅस्केट, एअर फिल्टरनंतरचा नळीदार रबरी पाइप, याच्या घड्या बोटांनी फाकवून बघा, चिरा घडीच्या आत लपतात. काही जण गरम इंजिनावर पेट्रोल नाहीतर क्लीनर फवारून तपासतात, ते करू नका, आग लागते. नाहीच सापडलं तर स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधायची तपासणी, करून घ्या. पर्ज व्हॉल्व्ह उभ्या गाडीत सहसा बंद असतो, त्याचा होज चिमटीत दाबल्यावर रेस शांत झाली तर तो उघडा अडकलाय.

स्कॅनर आणि फ्युएल ट्रिम

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, मोबाइलला जोडणारा साधा ईएलएम ३२७ डोंगल तिथं बसतो. कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट समजून घ्या. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. त्याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सर खराब असा नाही, तो बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. पी०५०५ आयडलचा, पी२१३५ थ्रॉटल किंवा पेडलच्या दोन सिग्नलचं जुळत नाही, पी०५७१ ब्रेक स्विचचा.

खरा खजिना फ्युएल ट्रिममध्ये आहे, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) त्या आकड्यात, आणि तो फार थोडे लोक बघतात. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोघांची बेरीज गरम इंजिनात साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असावी. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ४, तर हवा चोरून शिरतेय, कारण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्या चोरीच्या हवेचा हिस्सा कमी होतो. उलट आयडलला अधिक ५ आणि चढावर जोर लावल्यावर अधिक २०, तर पेट्रोल पुरत नाही. उणे २० च्या खाली गेलं तर पेट्रोल जास्त, गळका इंजेक्टर किंवा उघडा पर्ज व्हॉल्व्ह बघा. सरांच्या गाडीत ब्रेक सोडलेला असताना ट्रिम शांत होती आणि ब्रेक दाबून धरला की लगेच हलायची. हे आधीच्या कुणीही पाच मिनिटांत बघितलं असतं तर त्यांचे पैसे वाचले असते.

डिझेल आणि सीएनजी

डिझेलमध्ये ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, म्हणून बूस्टर फाटला तरी रेस सहसा नाचत नाही. तिथं आधी डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी, मग हवा घेणारे जोड. स्कॅनरवर रेल प्रेशर (इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) किती मागितलं आणि किती मिळालं हे शेजारी-शेजारी बघा, मिळालेलं सारखं वरखाली हलत असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह किंवा जास्त रिटर्न देणारा इंजेक्टर. काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि जोर नाही, तर टर्बोचा होज फाटला. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं अडकतो, कमी आरपीएमला गचके देतो.

डिझेलमध्ये एक फार धोक्याची गोष्ट, टर्बोतून इंजिन ऑइल आत ओढलं जाऊन रेस वेड्यासारखी वाढते, चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून टॉप गिअर टाका, क्लच झटक्यात सोडून इंजिन पाडा. आणि नंतर परत स्टार्ट करून बघू नका.

सीएनजीवर गचके आले तर लगेच पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर पण तेच असेल तर प्लग-कॉइल, गॅस पेटवायला ठिणगी जोराची लागते त्यामुळं झिजलेला प्लग गॅसवर आधी रडतो. पेट्रोलवर मऊ चालत असेल तरी आधी प्लग बघा, मग गॅस फिल्टर आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग).

गॅरेजमध्ये काय सांगायचं आणि नंतर काय बघायचं

"गाडी मिसिंग मारते" एवढंच सांगू नका. वहीतलं वाचून दाखवा, गरम इंजिन, तिसरा गिअर, १८०० आरपीएम, चढ, एसी चालू. शक्य असेल तर मेस्त्रीला शेजारी बसवून त्याच जागी नेऊन दाखवा. कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या, त्यात फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे चूक झाली त्या क्षणाचा स्पीड, आरपीएम, तापमान. एकावेळी एकच पार्ट बदला, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारातल्या फेरीवर विश्वास ठेवू नका. जिथं गचका येत होता तिथंच न्या, तेवढ्याच गरम इंजिनात, त्याच गिअरला. सरांच्या गाडीला बूस्टर बसवल्यावर आम्ही दोघं समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटानं वर गेलो, उतरताना प्रत्येक वळणावर मी त्यांना ब्रेक लावायला सांगत होतो आणि नजर डोंगलच्या स्क्रीनवर, ट्रिम अधिक ४ च्या वर एकदाही गेली नाही. खाली आल्यावर पोवई नाक्याला सिग्नल लागला, त्यांनी ब्रेक धरला, काटा ८०० वर. सिग्नल सुटेपर्यंत ते काट्याकडंच बघत होते, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा निघालो.